गावच्या घराला कॅमेरे, पण महिन्याची वर्गणी नको

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. पुढे अंगण, मागे उतरती वाडी, भोवती चिऱ्याचा गडगा. आंब्याच्या दिवसांत पडवी पेट्यांनी भरलेली असते आणि एरवीही रात्री पाचोळा वाजला की बाबा बॅटरी घेऊन बाहेर. "आधी आतून बघा तरी कोण आहे ते," असं आईचं म्हणणं. कॅमेरे बसवायचं कारण एवढंच.

पुण्यात माझ्या दारावर एक वायफाय कॅमेरा आहे. त्याच्या ॲपवर थेट चित्र फुकट दिसतं, पण काल दुपारी कोण येऊन गेलं ते बघायचं तर महिन्याची वर्गणी. पुण्यात ती मी भरते. गावी प्रश्न पैशांचा कमी आणि तारेचा जास्त आहे. पावसाळ्यात फांदी पडून फायबर तुटतं, आणि ते जोडायला माणूस कधी येईल ते तोही सांगत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. ज्या रात्री रेकॉर्डिंग हवं असतं नेमक्या त्याच रात्री कंपनीचा सर्व्हर आवाक्याबाहेर असणार, हे गृहीत धरूनच मी अट ठेवली: रेकॉर्डिंग घरातल्या घरात व्हायला हवं, इंटरनेट असो वा नसो. वर्गणी वाचते ती त्यातूनच.

दुकानात "वर्गणी लागत नाही" हे वाक्य तीन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात. एक, कॅमेऱ्याच्या पोटात मेमरी कार्ड. स्वस्त आणि सोपं, पण चोराने कॅमेरा उपटून नेला की पुरावाही त्याच्याबरोबर गेला. दोन, आपल्या गावागावांत दिसतो तो डीव्हीआरचा, म्हणजे चित्र डिस्कवर साठवणाऱ्या डब्याचा संच: चार कॅमेरे, थ्री-प्लस-वन केबल, बीएनसीचे गोल कनेक्टर, वीज पुरवणारा एक एसएमपीएस. तीन, नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे आणि त्यांचं चित्र साठवणारा स्वतंत्र रेकॉर्डर.

डीव्हीआरला नाक मुरडणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. ज्याला फक्त "रात्री काय झालं" ते सकाळी बघायचं आहे आणि बिघडल्यावर तालुक्याचा माणूस बोलवायचा आहे, त्याने डीव्हीआर घ्यावा आणि हा लेख इथेच सोडावा. आमची गरज मात्र रात्री माणूस दिसला तरच उठवण्याची होती. आमच्या तालुक्यात जे साधे संच दाखवले गेले, त्यांच्या लेखी सुपारीचं झावळं हललं काय आणि माणूस आला काय, दोन्ही "हालचाल". वाडीत झावळं रात्रभर हलतात.

मग आयपी कॅमेरे ठरले. रेकॉर्डर म्हणून एक छोटा मिनी पीसी आणि त्यावर फ्रिगेट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ते चित्रातला माणूस, गाडी, गाय, कुत्रा वेगळे ओळखतं आणि ही ओळखपरेड घरातल्याच यंत्रावर करतं. आणि मग खरा प्रश्न आला: कुठला कॅमेरा याच्याशी जुळेल?

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानात मी लॅपटॉप घेऊनच गेले. "ताई, सगळं सगळ्याला चालतं," हे पहिलं उत्तर. "ऑनव्हिफ आहे का?" "आहे ना, खोक्यावर लिहिलंय." दुकानदार सज्जन होता. काउंटरवरच एक कॅमेरा नेटवर्क स्विचला (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याला) लावून दिला आणि म्हणाला, बघा काय बघायचं ते.

बघायच्या गोष्टी दोन. पहिली आरटीएसपी. घरच्या नेटवर्कमधल्या कुठल्याही यंत्राने नाव आणि पासवर्ड देऊन मागितलं तर चालू चित्र देण्याची ही जुनी, सर्वमान्य पद्धत. तिचं नेहमीचं पोर्ट ५५४. कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता व्हीएलसी प्लेअरच्या "नेटवर्क स्ट्रीम"मध्ये टाकायचा. चित्र आलं तर अर्धं काम झालं. त्यानंतर मी राउटरची इंटरनेटची वायर काढायला लावायचे. चित्र तरीही चालू राहिलं तर उरलेलं कामही झालं. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि खोक्यावरच्या सगळ्या चिन्हांपेक्षा खरी आहे. काही कॅमेरे इंटरनेट जाताच गप्प होतात, कारण त्यांचं चित्र आधी कंपनीकडे जातं आणि तिथून फिरून आपल्या फोनवर येतं. असा कॅमेरा आपल्या भिंतीवर असला तरी आपल्या ताब्यात नसतो.

दुसरी गोष्ट ऑनव्हिफ. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून हे मानक सुरू केलं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी आणि रेकॉर्डरांनी एकमेकांना ओळखावं म्हणून. पण "ऑनव्हिफ आहे" एवढ्याने भागत नाही, कुठला प्रोफाइल ते विचारावं लागतं. प्रोफाइल एस म्हणजे मूलभूत चित्रप्रवाह. प्रोफाइल टी नंतर आला, त्यात एच.२६५ (चित्र आणखी दाबून कमी जागेत बसवायची पद्धत) आणि हालचालीच्या सूचना येतात. प्रोफाइल जी रेकॉर्डिंगसाठी. ऑनव्हिफच्या संकेतस्थळावर प्रमाणित मॉडेलांची यादी आहे. खोक्यावर शब्द छापलेला असूनही त्या यादीत नसलेली मॉडेलं भरपूर निघतात. त्यांतली काही नीट चालतातही, पण मग तो आपला जुगार.

इथे बरेच लोक फसतात ते एनव्हीआर, म्हणजे आयपी कॅमेऱ्यांचा तयार रेकॉर्डर, विकत घेताना. एका कंपनीच्या एनव्हीआरला दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा ऑनव्हिफने जोडता येतो, चित्रही येतं. पण कॅमेऱ्याने "माणूस दिसला" म्हटलेलं पुष्कळदा एनव्हीआरपर्यंत पोचत नाही, आणि उरतं फक्त चोवीस तासांचं सरसकट रेकॉर्डिंग. फ्रिगेटमध्ये ओळखण्याचं काम रेकॉर्डरच करतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या हुशारीचे पैसे मोजायची गरज उरत नाही. साधा, प्रामाणिकपणे चित्र देणारा कॅमेरा पुरतो.

बॅटरीवर किंवा सोलर पॅनेलवर चालणारे कॅमेरे माझ्या यादीतून लगेच गेले. वाडीच्या टोकाला वायर न ओढता लावता येतील म्हणून बाबांना ते फार आवडले होते. पण बॅटरी वाचवण्यासाठी ते झोपलेले असतात, समोर ऊब हलली की जागे होतात. सतत चित्र देणं त्यांना परवडत नाही, म्हणून आरटीएसपी बहुधा नसतंच. टीपी-लिंकच्या टॅपो मालिकेतही हाच भेद आहे: वायरने वीज घेणाऱ्या मॉडेलांत आरटीएसपी आणि ऑनव्हिफ मिळतं, बॅटरीवाल्यांत नाही. आणि जिथे मिळतं तिथेही ॲपच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचं वेगळं खातं तयार करावं लागतं. ॲपचा पासवर्ड तिथे चालत नाही. हिकव्हिजनच्या अलीकडच्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) तर ऑनव्हिफ मुळात बंद असतं, ते चालू करून त्यासाठी वेगळा वापरकर्ता बनवायचा. "हा कॅमेरा जुळत नाही" म्हणून परत गेलेल्या किती कॅमेऱ्यांचं दुखणं एवढंच असेल कोण जाणे.

बाजारात आणखी एक घोळ चालू होता. परदेशी लोकांनी शिफारस केलेली मॉडेलं इथे मिळेनात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेचे नियम अधिसूचित केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. मान्य प्रयोगशाळेतल्या चाचणीत कॅमेऱ्याचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर तपासून घेतल्याशिवाय त्याला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी मिळत नाही. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे जुनी मॉडेलं गेली, नवी आली, आणि नाव तेच पण शेवटचं अक्षर वेगळं असे कॅमेरे दिसू लागले. म्हणून मॉडेलचं नाव पाठ करण्यापेक्षा गुण पाठ करणं बरं, असं ठरवलं.

माझी गुणांची यादी वाढत गेली. प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन प्रवाह हवेत: एक मोठा, साठवायला, एक छोटा, ओळखायला. ओळखायला ६४० पिक्सेल रुंदीचं, सेकंदाला ५ चौकटींचं (फ्रेम्सचं) चित्र पुरतं. चार कॅमेऱ्यांची मोठी चित्रं तपासत बसलं तर छोट्या पीसीचा दम निघतो. एच.२६४ चा पर्याय हवा, कारण एच.२६५ जागा वाचवतं पण प्रत्येक ब्राउझरमध्ये उघडेल याची खात्री नसते. आणि ज्या पद्धतीच्या नावापुढे अधिक चिन्ह (+) असतं किंवा जिला "स्मार्ट कोडेक" म्हणतात ती बंद करता यायला हवी. ती कंपनीची खासगी युक्ती असते. समोर काही हललं नाही की पूर्ण चौकटी विरळ करत जाते, आणि दुसऱ्याचा रेकॉर्डर मग रेकॉर्डिंगचे तुकडे करताना अडखळतो. आवाज एएसी प्रकारात मिळाला तर उत्तम, जुन्या जी.७११ आवाजाला एमपी४ फाइलमध्ये जागा नसते, मग तो वाटेत बदलून घ्यावा लागतो.

भिंग निवडताना मात्र मी तंत्राची पुस्तकं बाजूला ठेवून टेप घेऊन अंगणात गेले. दुकानदार सरसकट २.८ मिलिमीटरचं भिंग देतात, कारण त्यात "सगळं दिसतं". दिसतं, पण ओळखू येत नाही. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी दर मीटरला २५० पिक्सेल धरले आहेत, ओळखीच्या माणसाला ओळखायला १२५. चार मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल. म्हणजे चेहरा ओळखायचा तर चित्रात जेमतेम सव्वादहा मीटर रुंदीचा भाग मावला पाहिजे. २.८ च्या भिंगाला साधारण १०० अंशांचा कोन मिळतो, त्यात ही रुंदी सव्वाचार मीटरवरच भरते. आमचं फाटक पडवीपासून त्याच्या दुपटीहून लांब आहे. ६ मिलिमीटरच्या भिंगाला कोन ५० अंशांच्या आसपास, आणि तिथे तीच हद्द अकरा मीटरपर्यंत जाते.

तेव्हा फाटकासाठी ६ मिलिमीटर, पडवीत आणि मागच्या दारी २.८. "फाटकाच्या कॅमेऱ्यात विहीर दिसत नाही," अशी बाबांची तक्रार आली. विहिरीवर कोण येणार, असं मी विचारलं. "वानरं," ते म्हणाले.

चौथा कॅमेरा गोठ्याकडे लागला.

वायरचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. वायफाय कॅमेरा मी मुद्दाम एकही घेतला नाही. दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंती आहेत. माजघरातल्या राउटरचा सिग्नल पडवीतच मान टाकतो. पीओई घेतलं, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं. कॅमेरा आणि स्विच दोघंही ८०२.३एएफ या मानकाचे आहेत ना, ते बघायचं. त्यात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट मिळतात, कॅमेऱ्याला तेवढी वीज पुरून उरते. "पीओई आहे" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त स्विचमध्ये मानक वगैरे नसतं, वीज नुसतीच तारेत सोडलेली असते. तिथे कॅमेऱ्याशी जुळेल की नाही ते नशिबावर.

केबल मागताना "प्युअर कॉपर" म्हणून निक्षून सांगावं लागलं. बाजारात सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली कॅट-सिक्स सर्रास मिळते. छोट्या अंतरावर ती चालून जाते, लांब ओढली की दाब उतरतो. मग रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच कॅमेरा बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि माणसं कॅमेऱ्याला दोष देतात. तार चाकूने खरवडून बघितली की आतला पांढरा रंग दिसतो.

गोठ्याची गोष्ट निराळी. अंतर शंभर मीटरच्या आत होतं, केबल गेली असती. पण मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा कशा पडतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना उघड्यावरून तांब्याची तार घरात आणायची हिंमत होणार नाही. गावातल्या केबलवाल्याने फायबर टाकून दोन्ही टोकांना कनेक्टर बसवून दिले, फायबर आणि नेटवर्क केबल यांना जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावले. काचेतून वीज वाहत नाही. गोठ्यावर पडली तर तिकडचा कॅमेरा जाईल, पीसी आणि स्विच वाचतील. बाकीच्या केबलींना विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावला आणि अर्थिंग नव्याने करून घेतलं. वायरमनने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक कॅमेऱ्यामागे पीव्हीसीचा चौकोनी बॉक्स बसवून जोड त्यात लपवले; कॅमेरा आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी न शिरणारा असला तरी त्याच्या शेपटीचा जोड आयपी६७ नसतो.

रेकॉर्डरबद्दल थोडक्यात. इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला. चिपचा वीजखप ६ वॅट. माणूस ओळखण्याचं काम त्याच्यातल्याच ग्राफिक्सवर इंटेलच्या ओपनव्हिनो सॉफ्टवेअरने होतं, वेगळं कार्ड घेतलं नाही. डिस्क पाळत ठेवण्यासाठी बनवलेली, २ टीबीची. हिशेब सोपा आहे: सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी लिहितो. चार कॅमेऱ्यांचे पावणेदोनशेच्या आत, म्हणजे सरसकट सगळं ठेवलं तर अकरा दिवसांत डिस्क भरते. म्हणून सरसकट रेकॉर्डिंग थोडेच दिवस ठेवलं, आणि माणूस दिसलेल्या फिती महिनाभर. सगळा संसार मिळून पन्नासेक वॅट खातो, घरचा इन्व्हर्टर रात्र काढतो.

कॅमेऱ्यांना इंटरनेट बंद. राउटरमध्येच तशी भिंत घातली. २०१६ च्या ऑक्टोबरात मिराय नावाच्या किड्याने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर डिन या, संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळं बंद पडली होती. ज्याला बाहेर जायचं कारणच नाही त्याला दार कशाला?

याचा एक अनपेक्षित परिणाम घड्याळावर होतो. इंटरनेट नाही म्हणजे कॅमेऱ्याला बरोबर वेळ सांगणारं कुणी नाही. वेळ सरकली की ऑनव्हिफचं लॉगिन नाकारलं जातं, कारण त्या ओळख पटवण्यात वेळेचा शिक्का असतो. पासवर्ड बरोबर असून "चुकीचा" म्हणतो, आणि आपण पासवर्ड बदलत बसतो. मिनी पीसीलाच वेळेचा सर्व्हर केला आणि कॅमेऱ्यांना त्याचा पत्ता दिला. वीज जाऊन आली की कॅमेरे १९७० साली जन्मल्यासारखे वागत होते, ते थांबलं.

पुण्याहून बघायचं कसं? आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, एकाच पत्त्याआड शेकडो घरं असतात. त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडायची जुनी पद्धत चालतच नाही, आणि चालली असती तरी मी वापरली नसती. टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. घरातला पीसीच बाहेर जोडणी करतो आणि माझा फोन त्या खासगी जाळ्यात येतो. ही सेवाही एका कंपनीचीच आहे, घरगुती वापराला फुकट. उद्या ती बंद झाली तर पुण्यातून दिसणं थांबेल. दापोलीत रेकॉर्डिंग चालू राहील. माझ्यापुरती रेषा मी तिथे ओढली.

पहिल्या पावसाळ्यात कॅमेऱ्यांपुढचे खरे शत्रू कळले. रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांना पाली, आणि भिंगासमोर कोळी जाळं विणतो. ते जाळं इन्फ्रारेडच्या उजेडात ट्यूबलाइटसारखं चमकतं. पाल भिंगावरून गेली तर पडद्यावर राक्षस दिसतो, पण फ्रिगेट तिला माणूस म्हणत नाही. पडवीतल्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे बंदच करून टाकले. तिथे एक साधा बल्ब रात्रभर असतो. शेजाऱ्यांचं परसदार गोठ्याच्या कॅमेऱ्यात येत होतं, तेवढ्या भागावर कॅमेऱ्यातच काळा पडदा टाकला आणि काकूंना बोलावून तो दाखवलाही.

वानरांचं मात्र जमलेलं नाही. फ्रिगेटसोबत येणारा ओळखण्याचा नमुना कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेला आहे. त्यात गाय आहे, मेंढी आहे, हत्ती, अस्वल, इतकंच काय जिराफ आणि झेब्राही आहे. माकड नाही. आमचं हुप्प्या त्याला कधी कुत्रा वाटतं, कधी काहीच वाटत नाही, आणि एकदा गडग्यावर ताठ बसलेल्या वानराला त्याने माणूस ठरवून रात्रीऐवजी भर दुपारी बाबांना उठवलं. स्वतःची चित्रं देऊन नवा नमुना शिकवता येतो म्हणतात. वानरांचे फोटो तर ढिगाने साठले आहेत. दिवाळीत भाचा येणार आहे, त्याच्या गळ्यात हे काम घालायचं चाललंय.

दारावरची बेल अजून बदललेली नाही. कॅमेरा असलेल्या ज्या बेला मी पाहिल्या त्या बहुतेक बॅटरीवरच्या, आणि कंपनीच्या ॲपशिवाय न वाजणाऱ्या. पीओईवर चालणारी, आरटीएसपी देणारी आणि इंटरनेट नसतानाही घरात वाजणारी बेल सापडली तर घ्यायची. तोवर आईची जुनी टिंगटाँग आहे.